ईस्ट ऑस्टिनमध्ये दोघांनी बार्बेक्यू खायचं तर

बार्बेक्यू खायला दोघांनी जावं. एकट्याचं दोन पदार्थांतच पोट भरतं. चौघं गेले की एक जण रांगेत कंटाळतो आणि दुसऱ्याला बीफ चालत नाही हे काउंटरपाशी पोचल्यावर कळतं. दोघं असले की एक रांग धरतो, दुसरा पाणी-कॉफी आणतो, आणि थोडं थोडं घेतलं तर एका दिवसात दोन दुकानं सहज होतात. टेक्सासमध्ये त्यासाठी माझ्या मते सगळ्यात चांगला भाग म्हणजे ऑस्टिनमधला आय-३५ हायवेच्या पूर्वेचा, ईस्ट ऑस्टिन. राउंड रॉक, सीडर पार्क या उपनगरांकडे राहणारी मराठी मंडळी पाहुणे आले की दुकानाच्या दारात गाडी लावतात, खातात आणि परत जातात. गाडी लांब ठेवून पायी गेलात तर रांगेत उभं राहायच्या आधीच बरंच काही कळतं.

सुरुवात स्टेट कॅपिटलपासून, म्हणजे टेक्सासच्या विधानभवनापासून करा. तिथून अकरावा रस्ता धरून सरळ पूर्वेला चालत राहायचं. पंधरा-वीस मिनिटांत हायवे ओलांडून ईस्ट इलेव्हन्थ स्ट्रीट लागतो. या हायवेच्या जागी पूर्वी ईस्ट अॅव्हेन्यू नावाचा रुंद रस्ता होता. १९२८ च्या शहर आराखड्यात ऑस्टिनने कृष्णवर्णीयांसाठीच्या शाळा, बागा आणि सोयी याच्या पूर्वेला ठेवायचं ठरवलं. सोयीच तिकडे गेल्यावर माणसंही जाणारच. मग १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच रस्त्यावर आय-३५ झाला आणि कागदावरची रेघ काँक्रीटची झाली. अकराव्या रस्त्यावरचं व्हिक्टरी ग्रिल १९४५ मध्ये, दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या कृष्णवर्णीय सैनिकांसाठी सुरू झालं, कारण शहरातल्या इतर ठिकाणी त्यांना बसू देत नसत. ब्लूज गायक-गिटारवादक बी. बी. किंग तिथे वाजवून गेलाय. ती इमारत अजून उभी आहे, आपल्याला जायचंय त्या फ्रँकलिन बार्बेक्यू या प्रसिद्ध दुकानापासून दोन-तीन मिनिटांवर. गेल्या पंचवीसेक वर्षांत जागांचे भाव चढले, जुनी बरीच कुटुंबं बाहेर पडली, आणि आता याच रस्त्यावर लोक पहाटे खुर्च्या टाकून ब्रिस्केटची वाट पाहतात.

ही रांग का लागते? जाहिरात हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं भट्टीच्या हिशेबात आहे.

ब्रिस्केट म्हणजे गुराच्या छातीचा, पुढच्या पायांमधला भाग. गुरांना कॉलरबोन नसतं, त्यामुळे पुढच्या अंगाचा भार हे स्नायू आयुष्यभर पेलतात. म्हणून ते चिवट, कोलॅजनने (मांस बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाने) भरलेले, आणि एके काळी स्वस्त. एका आख्ख्या तुकड्याचे दोन भाग असतात. फ्लॅट हा सपाट, कमी चरबीचा. पॉइंट हा त्याच्यावर बसलेला जाड आणि चरबीदार. आख्खा तुकडा साधारण १२ ते १४ पाउंडांचा, म्हणजे साडेपाच-सहा किलोंचा. वरची चरबी छाटून सुमारे ६ मिलिमीटर ठेवतात. जास्त राहिली तर ती वितळत नाही आणि तिच्यावरचं मीठ-मिरं तिच्याबरोबरच फेकलं जातं. कमी राहिली तर खालचं मांस सुकतं. मसाला फक्त मीठ आणि जाडसर मिरं, बहुतेक ठिकाणी मापाने निम्मं-निम्मं. आपल्याला हे फारच बेचव वाटतं, पण उरलेली चव धूर आणि वेळ देतात.

भट्टी म्हणजे बहुधा प्रोपेन गॅसच्या जुन्या मोठ्या टाकीपासून केलेला आडवा स्मोकर. एका टोकाला जाळाची पेटी, दुसऱ्या टोकाला धुराडं. मांस जाळावर नसतं, त्याच्या बाजूला असतं, आणि वाहती गरम हवा व धूर त्याच्यावरून जातात. लाकूड पोस्ट ओक, म्हणजे मध्य टेक्सासमध्ये मुबलक मिळणारा ओक, चांगला वाळवलेला. तापमान १२० ते १३५ अंश सेल्सियस. जाळ उघडा आणि जिवंत असावा लागतो. हवा कोंडली किंवा ओलं लाकूड घातलं की पांढरा, दाट धूर सुटतो आणि मांसावर कडू थर बसतो. हा कडवटपणा जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळतो आणि सॉसने झाकला जात नाही. चांगल्या भट्टीच्या धुराड्यातून बाहेर पडणारा धूर जेमतेम दिसतो, निळसर. दुकानाच्या मागच्या बाजूने फिरता आलं तर आधी तेच बघा. पाटीपेक्षा धुराडं खरं बोलतं.

मग येतो तो टप्पा ज्याला इथे 'स्टॉल' म्हणतात. मांसाच्या आतलं तापमान ६५ ते ७५ अंशांच्या आसपास पोचतं आणि तिथेच तासन् तास अडकतं. आग चालू, लाकूड जळतंय, आकडा हलत नाही. कारण माठाचंच. आतलं पाणी पृष्ठभागावर येऊन वाफ होतं आणि वाफ होताना उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी ज्या कारणाने गार राहतं त्याच कारणाने ब्रिस्केट पुढे सरकत नाही. घाई करून आच वाढवली तर बाहेरून करपतं आणि आत चिवटच राहतं. म्हणून काळी साल, म्हणजे 'बार्क', घट्ट बसली की तुकडा जाड गुलाबी-तपकिरी खाटिकी कागदात गुंडाळतात. कागद बाष्पीभवन कमी करतो पण थोडी वाफ बाहेर जाऊ देतो. अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळलं तर वेळ वाचतो, पण आत वाफवल्यासारखं होतं आणि साल ओल्या पुठ्ठ्यासारखी सुटते.

आतलं तापमान ९५ अंशांच्या आसपास गेलं की कोलॅजनचं जिलेटिन झालेलं असतं. पाया सूप प्यायल्यावर ओठ एकमेकांना चिकटतात ना, तेच. पण नुसत्या आकड्यावर उतरवत नाहीत. सळई खुपसली तर लोण्यात गेल्यासारखी जायला हवी. एखादं ब्रिस्केट ९३ ला होतं, एखादं ९८ ला. एवढ्याला दहा ते चौदा तास. त्यानंतर ६० ते ६५ अंशांवर काही तास मुरवत ठेवायचं. हा शेवटचा भाग घरी करणारे हमखास गाळतात आणि मग कापताना सगळा रस पाटावर येतो.

आता हिशेब. छाटणीत दीड-दोन किलो जातं, शिजताना पाणी आणि चरबी जाते. सहा किलोंच्या तुकड्यातून विकण्याजोगं मांस अडीच-तीन किलोच उरतं. म्हणून पाउंडाला ३० डॉलरच्या पुढचा भाव लागतो. आणि आज सकाळी गर्दी जास्त दिसली म्हणून कोणी आज जास्त ब्रिस्केट करू शकत नाही. ते काल दुपारपासून भट्टीत आहे. जेवढं आहे तेवढं कापायचं, मग 'सोल्ड आउट'. तिथे वाद घालण्यात काही अर्थ नाही.

फ्रँकलिन मंगळवार ते रविवार सकाळी ११ ला उघडतं आणि सोमवारी बंद असतं. २००९ मध्ये हायवेलगतच्या एका ट्रेलरमध्ये ते सुरू झालं, २०११ मध्ये अकराव्या रस्त्यावरच्या आताच्या इमारतीत आलं. ॲरन फ्रँकलिनला २०१५ मध्ये जेम्स बिअर्ड हा शेफसाठीचा मानाचा अमेरिकन पुरस्कार मिळाला, तोवर बार्बेक्यूवाल्याला असा शेफचा मान मिळत नसे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वे वादळाच्या वाऱ्याने भट्टीतली ठिणगी उडून स्मोकहाउस जळालं आणि ते काही महिने बंद होतं. लाकडाच्या आगीशी चोवीस तास खेळणाऱ्या धंद्यात हा धोका नेहमीच असतो. मंगळवार ते गुरुवार सकाळी साडेआठ-नऊला पोचलात तर साधारणपणे जमतं. शनिवारी त्याच्या बऱ्याच आधी. उघडण्याआधी एक कर्मचारी रांगेतून फिरत कोण काय आणि किती घेणार हे विचारत येतो. तो अंदाज असतो, ऑर्डर नव्हे, पण तुमच्यापर्यंत काय उरेल ते तो बऱ्यापैकी नेमकं सांगतो. त्याने 'रिब्स मिळणार नाहीत बहुतेक' म्हटलं तर ऐका. घडीची खुर्ची, टोपी आणि पाणी सोबत हवं. उन्हाळ्यात ऑस्टिनचा पारा ३८ च्या वर जातो आणि रांगेचा बराचसा भाग उन्हात असतो.

जोडीतल्या एकाने या वेळात फिरून यायला हरकत नाही. नॅव्हासोटा स्ट्रीटवरचं टेक्सास स्टेट सिमेट्री हे कब्रस्तान दहा मिनिटांवर आहे. १८५१ पासूनचं. ज्याच्या नावाने हे शहर आहे तो स्टीफन ऑस्टिन तिथे आहे आणि १९९६ पासून टेक्सासची कृष्णवर्णीय खासदार बार्बरा जॉर्डनही. दोन्ही कबरी एकाच टेकडीवर बघणं आणि मधे १९२८ चा आराखडा आठवणं, एवढ्यासाठी तरी जावं. दुसरा परत येईपर्यंत पहिल्याने जागा सोडू नये. आणि दोघांच्या रांगेत ऐनवेळी सहा जण आणून घुसवू नयेत. ही आपली सवय इथे फार डोळ्यांत भरते.

काउंटरवर वजनावर मागायचं असतं. एक पाउंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. दोघांसाठी, दुसरं दुकानही करायचं असेल तर, माझं माप असं: अर्धा पाउंड ब्रिस्केट, त्यात निम्मं लीन आणि निम्मं फॅटी, पाव पाउंड टर्की, पोर्क रिब्सच्या दोन फासळ्या आणि एक सॉसेज. साइड, म्हणजे तोंडीलावणं, एकच. 'लीन' म्हणजे फ्लॅटचा, 'फॅटी' किंवा 'मॉइस्ट' म्हणजे पॉइंटचा. पहिल्यांदा जाणारे तब्येतीचा विचार करून फक्त लीन घेतात आणि मग ब्रिस्केट कोरडं होतं म्हणतात. फॅटीचे दोन तुकडे घ्याच. कापणारा मधेच आख्खा तुकडा नव्वद अंशांत फिरवतो, ते लक्ष देऊन बघा. फ्लॅट आणि पॉइंट यांचे धागे वेगवेगळ्या दिशांना जातात आणि काप नेहमी धाग्याला आडवा लागतो. तो न फिरवता तसाच कापत गेला तर पॉइंटचा घास दातांत लांब दोऱ्यांसारखा येतो.

कागद पसरून ताटात आलं की लगेच सॉस ओतू नका. आधी लीनचा एक काप बोटावर आडवा टाका. तो दोन्ही बाजूंनी लोंबायला हवा आणि तुटायला नको. मग दोन टोकं धरून हलकं ओढा. किंचित तटून सुटला तर उत्तम. बोटावरच मोडला तर जास्त शिजलाय. रबरासारखा ताणला गेला तर कमी. आणि इथे एक गंमत आहे. कमी शिजलेलं ब्रिस्केट जिभेला कोरडं लागतं, कारण कोलॅजन विरघळलेलंच नसतं. लोक म्हणतात 'ओव्हरकुक झालंय', आणि असतं नेमकं उलटं. मग चरबी बघा. ती अर्धपारदर्शक, पिवळसर आणि दाबली की पसरणारी हवी. पांढरी, चघळावी लागणारी चरबी म्हणजे तापमान घाईने चढवलंय.

कडेला काळ्या सालीच्या आत गुलाबी पट्टा दिसेल. तो कच्चेपणा नव्हे. जळत्या लाकडातून निघणारे नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड मांसाला लाल रंग देणाऱ्या मायोग्लोबिनला चिकटतात आणि तो रंग शिजल्यावरही टिकतो. टर्कीच्या कडाही अशाच गुलाबी असतात. मराठी पाहुण्यांनी ती परत पाठवण्याचे प्रसंग इथे काही नवे नाहीत. चिकन गुलाबी दिसलं की आपण दचकतो, ते घरी बरोबरच आहे. इथे मात्र पट्टा कडेला आहे की मध्यभागी, ते बघायचं. कडेला असेल तर धुराचा.

फासळ्यांबद्दल एकच गोष्ट. 'हाडावरून गळून पडतात' ही स्तुती नव्हे. चावा घेतल्यावर मांस दातांच्या आकारात सुटावं, बाकीचं हाडाला धरून राहावं.

पांढरा ब्रेड, कच्चा कांदा आणि काकडीचं लोणचं बाजूला ठेवलेलं असतं. त्याचे बहुधा पैसे नसतात. ही मध्य टेक्सासची पद्धत जर्मन आणि चेक खाटिकांच्या दुकानांतून आली. न खपलेलं मांस धुरावर टिकवायचं आणि कागदावर, वजनाने विकायचं. शेजारच्या किराणा फळीवरचं जे असेल ते सोबत. एल्गिन गावचं साउथसाइड मार्केट हे दुकान १८८२ पासूनचं आहे, लॉकहार्ट गावचं क्रॉइट्झ १९०० पासूनचं. कांदा-लोणच्याचं काम आपल्या सुक्या मटणाबरोबरच्या कांदा-लिंबाचं. दर दोन घासांनंतर आंबट काही खाल्लं नाही तर चौथ्या कापाला चरबी जड होते आणि दोष ब्रिस्केटवर जातो.

बीफ न खाणाऱ्यांनी हे नीट वाचावं. टर्की ब्रेस्ट हा कमीपणाचा पर्याय नाही. नीट केलेली टर्की बऱ्याच ठिकाणी ब्रिस्केटपेक्षा जास्त भरवशाची असते. सॉसेजचं मात्र विचारावंच लागतं. बीफचं असतं, पोर्कचं असतं, मिश्रही असतं, आणि आतलं बीफ असलं तरी वरचं आवरण बहुधा डुकराच्या आतड्याचं असतं. बीन्समध्ये ब्रिस्केटचे तुकडे पडलेले असतात, पालेभाजीत डुकराचं मांस. पोटॅटो सॅलड आणि कोलस्लॉ सहसा निर्धोक, अंडं चालत असेल तर. कापायचा पाट आणि सुरी बहुतेक दुकानांत सगळ्याला एकच असते. ज्याला तेवढं सोवळं पाळायचंय त्याने आधीच ठरवावं. काउंटरवर 'नवी सुरी घ्या' म्हणून मागे दोनशे माणसं थांबवण्यात कुणाचंच भलं नाही.

दुसरं दुकान कोणतं? दोन वाटा आहेत. बाराव्या रस्त्यावरचं सॅम्स बार्बेक्यू हे या वस्तीचं जुनं, कृष्णवर्णीय कुटुंबाचं दुकान. तिथली खासियत मटण. आपण मटण म्हणतो ते बोकडाचं, इथलं मटण मेंढीचं, तेही वयात आलेल्या, त्यामुळे वास उग्र आणि चरबी लवकर थिजणारी. गरम असतानाच खा. ज्यांना धनगरी पद्धतीच्या मेंढीच्या मटणाची सवय आहे त्यांना ते लगेच आवडेल. इथे सॉस मांसावरच येतो आणि तो तसाच हवा. पूर्व टेक्सासच्या या घराण्यात सॉस हा पदार्थाचा भाग आहे, दोष झाकायचं साधन नव्हे. मध्य टेक्सासचे कडवे लोक याला नाकं मुरडतात, मी त्यांच्यात नाही.

दुसरी वाट दक्षिणेला. चिकॉन स्ट्रीट धरून ह्यूस्टन-टिलट्सन विद्यापीठावरून खाली उतरायचं. शहरातलं हे जुनं कृष्णवर्णीय विद्यापीठ. त्याच्या खालचा भाग मेक्सिकन वस्तीचा आणि शेवटी सीझर चावेझ स्ट्रीट. तिथलं ला बार्बेक्यू हे टेलर गावच्या लुई म्यूलर या बार्बेक्यूवाल्या घराण्यातल्या नातीने, लिअॅन म्यूलरने, जोडीदार अॅली क्लेमसोबत उभं केलं. २०२४ मध्ये रेस्टॉरंटांना तारे देणारं मिशलिन गाइड पहिल्यांदा टेक्सासमध्ये आलं तेव्हा त्याला एक तारा मिळाला. फ्रँकलिनहून तिथे पायी जायला पाऊण तास धरा. भरल्या पोटी तो पाऊण तास औषधासारखा आहे. तिथे फक्त पाव पाउंड फॅटी ब्रिस्केट आणि एक सॉसेज घ्या. मघाच्या कापाशी तुलना करायला तेवढं पुरतं, आणि एकाच दिवशी खाल्ल्यामुळे मिरं कुठे जास्त, मीठ कुठे पुढे, साल कुठे कुरकुरीत हे खरंच कळतं. महिन्याच्या अंतराने खाऊन केलेल्या तुलनेवर माझा विश्वास नाही.

शनिवार-रविवारी सकाळी या भागातल्या मेक्सिकन दुकानांत बार्बाकोआ मिळतं. बार्बेक्यू हा शब्द याच शब्दातून आला. इथली जुनी पद्धत गुराचं डोकं खड्ड्यात रात्रभर पुरून शिजवायची. आता बहुतेक दुकानांत ते वाफेवरच होतं, तरी गालाचं मांस मक्याच्या टॉर्टियात, वर कांदा-कोथिंबीर, हे एकदा खाऊन बघाच. दुपारपर्यंत थांबलात तर संपलेलं असेल.

घरी न्यायचं असेल तर कापलेलं मागू नका, एकसंध तुकडा मागा. काप पडल्यापासून काही मिनिटांतच ब्रिस्केट करडं पडतं आणि सुकतं. कागदासकट फॉइलमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी तसंच गुंडाळलेलं १२० अंशांच्या ओव्हनमध्ये, आत गरम होईपर्यंत. पाउंडभराच्या तुकड्याला साधारण तासभर लागतो. मायक्रोवेव्हमध्ये जिलेटिन पाणी होऊन बाहेर पडतं आणि मागे लाकूड उरतं. कागदात थिजलेली चरबी फेकू नका. ती तव्यावर सोडून त्यात उरलेला चुरा, कांदा आणि एक हिरवी मिरची परता आणि गरम पोळीत गुंडाळा.